फाशी बघायला आलेले लोक

१७५८ च्या जुलै महिन्यात लंडनच्या टायबर्न या ठिकाणी दंगल झाली. कारण काय, तर एका माणसाला फाशी दिली गेली नाही.

फ्लॉरेन्स हेन्सी हा आयरिश डॉक्टर. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध ऐन भरात असताना तो फ्रेंचांना बातम्या पुरवताना सापडला. राजद्रोहाला तेव्हा नुसती फाशी पुरत नसे. गुन्हेगाराला अर्धमेला असताना खाली उतरवायचं, पोट फाडायचं आणि देहाचे चार तुकडे करायचे, अशी शिक्षा होती. असला प्रकार काही दर महिन्याला बघायला मिळत नसे. टायबर्नला फाशीच्या जागेभोवती बघ्यांसाठी लाकडी बाकं मांडलेली असत, एकावर एक चढत गेलेली. त्यांचा ठेका एका बाईकडे होता. लोक तिला मॅमी डग्लस म्हणत. तिनं मागणी ओळखली आणि दोन शिलिंगांची जागा अडीच शिलिंगांना केली. मजुराची दिवसाची कमाई जेमतेम दीड-दोन शिलिंग होती, हे लक्षात घेतलं म्हणजे दर कळतो. लोकांनी कुरकुर केली, पैसे मात्र मोजले. आणि ऐन वेळी राजाचा हुकूम आला की फाशी तहकूब. एक माणूस वाचला म्हणून कुणी टोप्या उडवल्या नाहीत. जमावानं बाकांचा चुराडा केला. खुद्द मॅमी डग्लसलाच हेन्सीच्या जागी लटकवायला लोक निघाले होते, असंही सांगतात.

याच्या तीस वर्षं आधी, १७२८ मध्ये, याच शहरात जॉन गे याच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या संगीत नाटकानं पहिल्याच हंगामात बासष्ट प्रयोगांचा विक्रम केला होता. त्यात मॅकहीथ हा वाटमाऱ्या शेवटी फासाकडे निघतो, तेव्हा एक पात्र मधेच उठतं आणि सांगतं की प्रेक्षकांना असा शेवट रुचणार नाही. मग ठरल्याप्रमाणे माफीचा हुकूम येतो आणि नाच-गाण्यात नाटक संपतं. नाटकगृहात माफी मिळाली की टाळ्या, आणि टायबर्नला माफी मिळाली की बाकं मोडायची. माणसं तीच, पैसे मोजून आलेली.

टायबर्न म्हणजे आज जिथे मार्बल आर्च आहे ती जागा, ऑक्सफर्ड स्ट्रीटचं पश्चिमेकडचं टोक. तेव्हा ते शहराबाहेरचं माळरान होतं. १५७१ मध्ये तिथे तीन खांबांवर तीन तुळया टाकून त्रिकोणी सांगाडा उभा केला गेला. त्याचं लोकांनी ठेवलेलं नाव ‘टायबर्नचं झाड’. १६४९ मध्ये त्यावर तेवीस पुरुष आणि एक बाई अशा चोवीस जणांना एकाच वेळी लटकवलं. १८ व्या शतकात फाशीचे दिवस वर्षाला साधारण आठ ठरलेले असत. त्या दिवशी कारागिरांकडे शिकणारी पोरं काम टाकून जात, आणि मालकही फारसा आग्रह धरत नसत, कारण त्यांनाही जायचं असे.

सुरुवात न्यूगेट तुरुंगातून होई. आदल्या मध्यरात्री सेंट सेपल्कर चर्चचा माणूस फाशीच्या कोठडीबाहेर येऊन हातातली घंटा वाजवी आणि पश्चात्ताप करायला सांगणाऱ्या ओळी म्हणे. त्यासाठी रॉबर्ट डाउ नावाच्या एका व्यापाऱ्यानं १६०५ मध्ये पन्नास पौंडांची देणगी देऊन ठेवली होती. मरणाऱ्याची झोपमोड करायला दानधर्म! सकाळी कैद्याला उघड्या गाडीत बसवत, बहुधा त्याच्याच शवपेटीला टेकून, शेजारी पाद्री. टायबर्न तिथून पाच किलोमीटरच्या आसपास, पण पोचायला दोन-तीन तास लागत. वाटेत गुत्ते होते आणि गाडी तिथे थांबे. गुत्तेवाला फुकट पाजे, कारण ज्याच्या दारात गाडी थांबली त्याचा धंदा दिवसभर तेजीत. कैदी पोचे तेव्हा पुष्कळदा झिंगलेला असे, आणि त्यानं झिंगलेलं असणं हा सगळ्यांनाच दिलासा होता.

विल्यम होगार्थनं १७४७ मध्ये हा देखावा एका चित्रात कोरून ठेवला. ‘इंडस्ट्री अँड आयडलनेस’ या मालिकेतलं ते अकरावं चित्र. नीट बघितलं तर फाशीचं झाड लांब मागे आहे, छोटं. पुढचा सगळा भाग गर्दीचा. मधोमध एक बाई कडेवर पोर घेऊन मरणाऱ्याचं ‘अखेरचं भाषण’ छापलेला कागद ओरडून विकते आहे. ज्याचं भाषण, तो अजून गाडीत बसून येतोच आहे. एक जण मसाल्याचा केक विकतो आहे. एकीकडे मारामारी, एकीकडे खिसा कापणं चालू आहे. बाकांच्या माचावरून कुणी कबुतर सोडतं आहे. आणि झाडाच्या आडव्या तुळईवर फाशी देणारा पसरला आहे, तोंडात चिलीम, गिऱ्हाईक यायला अवकाश आहे अशा थाटात. मरणाकडे बघणारं त्या गर्दीत क्वचितच कुणी सापडतं. मला वाटतं होगार्थला हेच दाखवायचं होतं आणि नंतरच्या नीतिवाद्यांनी हे चित्र उगाचच ‘लोक किती निर्दय’ एवढ्यावर आणून ठेवलं.

कारण गर्दी निर्दय होती असं सरसकट म्हणता येत नाही. ती निवड करत होती. जॅक शेपर्ड या बावीस वर्षांच्या सुतारकाम शिकलेल्या चोरानं १७२४ या एका वर्षात चार वेळा कैदेतून पळून दाखवलं, त्यांपैकी दोनदा थेट न्यूगेटमधून. अखेर पकडला गेला तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला बघायचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि राजाचा चित्रकार जेम्स थॉर्नहिल त्याचं चित्र काढायला कोठडीत आला. १६ नोव्हेंबरला त्याला टायबर्नला नेलं तेव्हा दोन लाख लोक जमले असा त्या काळचा अंदाज आहे. आकडा फुगवलेला धरला तरी साऱ्या लंडनची वस्ती तेव्हा सहा लाखांच्या आसपास होती. ही गर्दी त्याच्या बाजूची होती. त्याचं प्रेत शस्त्रवैद्य चिरफाडीसाठी नेतील या भीतीनं लोकांनी ते हिसकावून घेतलं आणि त्या ओढाताणीत संध्याकाळ झाली. सहा महिन्यांनी, मे १७२५ मध्ये, जोनाथन वाइल्डला त्याच वाटेनं नेलं. हा दिवसा चोर पकडून देणारा आणि रात्री चोरांकडून हप्ता घेणारा. शेपर्डला पकडवण्यात त्याचाच हात होता. त्याच्यावर वाटभर दगड आणि घाण बरसली, आणि फाशी देणाऱ्यानं थोडी उसंत दिली तर जमाव त्याच्याच अंगावर जायला निघाला. १७६७ मध्ये कामाला ठेवलेल्या अनाथ मुलीला छळून मारणाऱ्या एलिझाबेथ ब्राउनरिगला शिव्याशाप मिळाले. १७७७ मध्ये खोट्या सहीच्या गुन्ह्यात अडकलेल्या धर्मोपदेशक विल्यम डॉडसाठी मात्र हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या आणि गर्दी रडली.

म्हणजे न्यायालयानं निकाल दिला की टायबर्नला दुसरं न्यायालय बसे. तिथे प्रश्न एकच असे, गडी कसा मरतो? ताठ मानेनं, नव्या कपड्यांत, पायातले जोडे गर्दीत भिरकावून मेला तर तो जिंकला. लॉरेन्स शर्ली, अर्ल फेरर्स, आपल्या कारभाऱ्याच्या खुनाबद्दल मे १७६० मध्ये फासावर गेला तो रुपेरी जरीच्या लग्नाच्या पोशाखात, स्वतःच्या सहा घोड्यांच्या गाडीतून. गर्दी इतकी की प्रवासाला पावणेतीन तास लागले. जल्लादाला द्यायची पाच गिनींची बक्षिसी त्यानं चुकून मदतनिसाच्या हातात ठेवली, आणि उमराव तिथेच उभा असताना ते दोघे पैशांवरून भांडायला लागले.

जे दिसे ते मात्र झटपट नसे. खाली उघडणारा तख्ता तेव्हा रुळलेला नव्हता. गळ्यात दोर अडकवून खालची गाडी हाकलून देत आणि माणूस गुदमरत राही, कधी दहा-पंधरा मिनिटं. मग त्याचे नातलग, मित्र पुढे होऊन पाय धरून खाली ओढत, लवकर सुटावा म्हणून. त्याच गर्दीतून बायका पुढे येत आणि मेलेल्याचा हात आपल्या मानेवरच्या गाठीला लावून घेत. त्यानं गाठ जिरते असा समज होता. दोर इंचाइंचानं विकला जाई. मेलेल्याचे कपडे जल्लादाचे.

बघायला जाणाऱ्यांत शिकलेले लोक कमी नव्हते. जेम्स बॉसवेल, पुढे कोशकार डॉक्टर जॉन्सनचं चरित्र लिहून अमर झालेला, १७६३ च्या मे महिन्यात बावीस वर्षांचा होता. न्यूगेटमध्ये त्यानं पॉल लुईस हा वाटमाऱ्या बघितला आणि त्याला तो हुबेहूब नाटकातला मॅकहीथ वाटला. दुसऱ्या दिवशी तो टायबर्नला गेला, चांगली जागा पटकावून शेवटपर्यंत बघितलं, आणि रात्री एकटं झोपायची त्याची हिंमत होईना. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या शेजारी झोपला. यानंतर तो फाशी बघायला जायचा थांबला असेल, असं वाटतं. तो आयुष्यभर जात राहिला. आपल्याला ही ओढ का आहे यावर त्यानं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, पुढे त्यावर निबंधही लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं, की मरण सगळ्यांना आहे, पण ठरलेल्या घटकेला मरायला निघालेला माणूस कसा वागतो हे बघायची उत्सुकता माणसाच्या घडणीतच आहे. बॉसवेल खोटं बोलणारा नव्हता. स्वतःची लाज चारचौघांत मांडायची त्याला सवयच होती. पण बघताना मिळालेलं सुख आणि रात्रीची भीती या दोन गोष्टी तो एकमेकींशेजारी ठेवतो आणि पुढे जातो. त्यांचा हिशेब लावत नाही.

तो हिशेब विचारवंत एडमंड बर्कनं लावायचा प्रयत्न केला होता. १७५७ मधल्या त्याच्या सौंदर्यविषयक ग्रंथात एक कल्पना आहे. उत्तमातली उत्तम शोकांतिका, नामवंत नट, महागडे पडदे, संगीत, सगळं जुळवा. प्रेक्षक तल्लीन झालेले असताना कुणीतरी सांगू द्या की शेजारच्या चौकात एका बड्या राजद्रोह्याला आता मारणार आहेत. क्षणात नाट्यगृह रिकामं होईल. बर्कचं उत्तर असं, की दुसऱ्याच्या खऱ्या दुःखात आपल्याला एक प्रकारचा आनंद मिळतोच, आणि तो देवानं मुद्दाम ठेवला आहे. नाहीतर दुःखी माणसाच्या जवळ कुणी फिरकलंच नसतं आणि मदत कुणी केली नसती. उत्तर देखणं आहे. अडचण एवढीच, की टायबर्नला मदत करण्यासारखं काही नसे, फक्त पाय ओढणं सोडून, आणि ते काम घरचे लोक करत, तिकीट काढून बसलेले नाहीत.

बर्कच्या कल्पनेतला तो बडा राजद्रोही अगदी हवेतला नव्हता. एप्रिल १७४७ मध्ये टॉवर हिलवर म्हाताऱ्या लॉर्ड लोव्हाटचं डोकं उडवलं होतं. ब्रिटनमध्ये शिरच्छेद झालेला तो शेवटचा माणूस. गर्दीच्या वजनानं बघ्यांचा एक माच कोसळला आणि माणसं दगावली. लोव्हाटला त्याची गंमत वाटली म्हणतात. मरणाऱ्याच्या आधी बघेच मेले.

टायबर्न १७८३ मध्ये बंद पडलं. ३ नोव्हेंबरला जॉन ऑस्टिन हा तिथला शेवटचा. दयेचा त्यात भाग नव्हता. शहर पश्चिमेकडे वाढलं होतं, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या आजूबाजूला श्रीमंतांची घरं झाली होती आणि वर्षातून आठ वेळा दारावरून ही वरात जाणं त्यांना परवडेनासं झालं. त्याच वर्षीच्या ९ डिसेंबरपासून फाशी न्यूगेटच्या दारातच सुरू झाली, खटका ओढला की उघडणाऱ्या तख्त्यावर. मिरवणूक गेली म्हणून जॉन्सन चिडला. त्याच्या मते लोकांना जमवणं हाच तर फाशीचा हेतू होता, आणि मिरवणुकीनं कैद्यालाही आधार मिळे. हा मुद्दा त्या काळच्या राज्यकर्त्यांच्याही मनातला. फाशी उघड्यावर द्यायची ती बघणाऱ्याला जरब बसावी म्हणून. दोनशेहून जास्त गुन्ह्यांना कायद्यात मृत्युदंड होता, पोलीसदल जवळपास नव्हतंच, आणि दहशत हेच सरकारचं मुख्य साधन. लोक मात्र दहशत घ्यायला येत नसत.

न्यूगेटसमोरचा रस्ता अरुंद होता. फेब्रुवारी १८०७ मध्ये होलोवे आणि हॅगर्टी यांची फाशी बघायला हजारोंचा लोंढा तिथे कोंबला गेला. ‘पाय’ (सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) विकणाऱ्या एकाची टोपली खाली पडली, तिच्यावर अडखळून लोक पडले, त्यांच्यावर आणखी लोक. तीसेक माणसं चेंगरून मेली. फाशी तिघांचीच ठरली होती, या दोघांसह एका बाईची. त्याच रस्त्यावर समोर ‘मॅगपाय अँड स्टंप’ हा गुत्ता होता. वरच्या खिडक्या भाड्यानं मिळत, सोबत न्याहारी. सकाळी आठला फाशी, नंतर तासभर प्रेत लटकत ठेवायचं, आणि तेवढ्या वेळात तुरुंगाधिकारी आपल्या प्रतिष्ठित पाहुण्यांना मसालेदार गुर्दे खाऊ घाली. ज्याच्या नावानं पुढे व्हिक्टोरियन काळातल्या फाशा ओळखल्या गेल्या, तो विल्यम कॅलक्राफ्ट, न्यूगेटसमोर असलेच ‘पाय’ विकता विकता जल्लादाच्या ओळखीचा झाला आणि १८२९ मध्ये स्वतः जल्लाद बनला. त्याचा दोर इतका आखूड असे की तख्ता असूनही माणूस गुदमरतच मरे.

कागदाचा धंदा तर याहून मोठा. सेव्हन डायल्स भागातल्या जेम्स कॅटनॅकच्या छापखान्यातून एक पेनीचं पत्रक निघे. वर फास लागलेल्या माणसाचं लाकडी ठशाचं चित्र, खाली कबुलीजबाब आणि पदं. चित्र तेच, नाव बदललं की झालं. १८२८ मध्ये प्रेयसीला ठार करून कोठारात पुरणाऱ्या विल्यम कॉर्डरला बरी सेंट एडमंड्स इथे फाशी झाली तेव्हा त्याच्या पत्रकाच्या अकरा लाखांहून अधिक प्रती खपल्याचं सांगतात. दोर गिनीला इंच या भावानं गेला. त्याच्या कातड्यानं बांधलेलं त्याच्याच खटल्याचं पुस्तक त्या गावच्या संग्रहालयात अजून आहे. रेल्वे आली तशी तीही कामाला लागली. १८४० मध्ये कॉर्नवॉलच्या बॉडमिन इथे लाइटफूट भावांची फाशी बघायला वेडब्रिजहून खास गाड्या सोडल्या गेल्या.

त्याच वर्षी ६ जुलैला न्यूगेटसमोर मालकाचा गळा कापणाऱ्या कुर्व्हाज्ये या स्विस नोकराला फाशी झाली. चाळीस हजारांच्या गर्दीत दोन कादंबरीकार होते, विल्यम थॅकरे आणि चार्ल्स डिकन्स. थॅकरे शेवटच्या क्षणी बघू शकला नाही, डोळे मिटले, आणि आपण त्या गलिच्छ उत्सुकतेचे भागीदार झालो याची शरम वाटते असं ‘फ्रेझर्स मॅगझिन’मध्ये लिहून मोकळा झाला. डिकन्सनं नऊ वर्षांनी पुन्हा जागा धरली. १३ नोव्हेंबर १८४९ ला हॉर्समाँगर लेन तुरुंगाच्या छपरावर मॅनिंग नवरा-बायकोला फाशी होती. पैशासाठी एका ओळखीच्या माणसाला मारून स्वयंपाकघराच्या फरशीखाली पुरणारं हे जोडपं. डिकन्स आणि त्याच्या मित्रांनी दहा गिनी देऊन समोरची जागा घेतली आणि रात्रभर बसून राहिले. त्याच दिवशी त्यानं ‘टाइम्स’ला पत्र लिहिलं: मारणाऱ्यांच्या गुन्ह्यापेक्षाही मला गर्दीचा थिल्लरपणा आणि दुष्टपणा भयंकर वाटला, पोरी शिट्ट्या मारत होत्या, गाण्यांत श्रीमती मॅनिंगचं नाव घालून गात होत्या, आणि दोघं लटकली तेव्हा कुणाला दया आली नाही. पत्र गाजलं, कारण ते उत्तम लिहिलेलं होतं. मारिया मॅनिंगवरून पुढे त्यानं ‘ब्लीक हाउस’मधली हॉर्टेन्स घडवली.

पत्रात त्यानं मागितलं काय, हे मात्र बघण्यासारखं आहे. तीन वर्षांपूर्वी ‘डेली न्यूज’मध्ये तो देहदंडच रद्द करा म्हणत होता. आता म्हणाला, फाशी तुरुंगाच्या भिंतीआड द्या. तक्रार आता फासाबद्दल राहिली नव्हती, बघ्यांबद्दल होती. आणि बघे म्हणजे खालच्या रस्त्यावरचे. दहा गिनींच्या जागेतले बघे निरीक्षक म्हणून सुटले. मला डिकन्सचा राग येत नाही. पण पत्रातल्या त्या गर्दीत तो स्वतःला मोजत नाही आणि थॅकरे मोजतो, हा फरक मोठा आहे.

पुढची वीस वर्षं हाच सूर वाढत गेला. ब्रिस्टलच्या एका पाद्र्यानं फाशीच्या कैद्यांना विचारून बघितलं होतं, तेव्हा जवळपास सगळ्यांनी कधी ना कधी फाशी बघितलेली निघाली; जरबेचं काय झालं, हा सवाल करणाऱ्यांना हे उदाहरण फार उपयोगी पडलं. १८६४ मध्ये इंग्लंडमधल्या रेल्वेतल्या पहिल्या खुनाबद्दल फ्रान्झ म्युलर लटकला, तेव्हा गर्दीत भरदिवसा लुटालूट झाली आणि वर्तमानपत्रं संतापली. देहदंडाच्या प्रश्नावर शाही आयोगही त्याच वर्षी नेमला गेला होता. २६ मे १८६८ ला क्लर्कनवेलच्या स्फोटात बारा जणांचा जीव घेतल्याबद्दल दोषी ठरलेला आयरिश क्रांतिकारक मायकेल बॅरेट हा इंग्लंडात उघड्यावर फाशी गेलेला शेवटचा माणूस. ज्याला हौस होती त्याला ती फाशी बघायला भुयारी रेल्वेनंही येता आलं असतं. ती सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. तीनच दिवसांनी कायदा झाला. फाशी राहिली, कॅलक्राफ्ट राहिला, आखूड दोर राहिला. बघे तेवढे हटवले.

बघे कुठे गेले? काही तिथेच राहिले. फाशी झाल्याची खूण म्हणून तुरुंगावर काळा झेंडा चढवत, तो चढताना बघायला लोक रस्त्यात जमत. अखेर १९०२ मध्ये झेंड्याची प्रथाच बंद केली. काही मादाम तुसॉच्या मेणाच्या संग्रहालयात गेले. तिथे मुख्य दालनाला एक शिलिंग आणि खुन्यांच्या दालनाला सहा पेन्स जादा पडत, आणि मॅनिंग पती-पत्नी तिथे उभेच होते. उरलेले वर्तमानपत्राकडे वळले. नव्या कायद्याखालची पहिली फाशी १३ ऑगस्ट १८६८ ला मेडस्टोनच्या तुरुंगात झाली. टॉमस वेल्स, वय अठरा, डोव्हर स्टेशनवरचा हमाल, बोलणी खावी लागली म्हणून स्टेशनमास्तरला गोळी घातलेला. बाहेरच्या जनतेला मज्जाव होता, बातमीदारांना आत घेतलं होतं. खटका ओढल्यावर तो लगेच मेला नाही, तडफडला, याचं वर्णन दुसऱ्या दिवशी छापून आलं. देशभर ते वाचणारे लोक न्यूगेटसमोरच्या रस्त्यात कधीच मावले नसते.